१९९५ ची जगज्जेती इम्प्रेझा कोणत्या गेममध्ये खरी सापडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लहानपणी ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ खेळलो, आता घरी स्टिअरिंग व्हील घेतलंय. त्या गेमच्या खोक्यावरची निळी सुबारू इम्प्रेझा म्हणजेच १९९५ ची जगज्जेती गाडी का? आणि ती आज कोणत्या गेममध्ये खऱ्यासारखी चालते?

मी रॅलीच्या गाड्यांचं सस्पेन्शन लावतो आणि सर्व्हिसला उभा असतो. गेमही खेळतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. १९९८ साली कोडमास्टर्सने काढलेल्या त्या गेममधली इम्प्रेझा दोन दारांची आहे. ज्याच्या नावाचा तो गेम, त्या स्कॉटलंडच्या रॅलीचालक कॉलिन मॅक्रेने १९९५ साली जगज्जेतेपद मिळवलं ते चार दारांच्या गाडीत. दोन्ही निळ्या, दोन्हींच्या रिम सोनेरी, म्हणून गल्लत होते. पण नियम वेगळे, सांगाडा वेगळा आणि रुंदीही वेगळी. त्यातही गंमत अशी की १९९८ च्या मोसमात त्या दोन दारांच्या गाडीला एकही अजिंक्यपद मिळालं नाही. चालकांचं अजिंक्यपद टॉमी मॅकिनेनने नेलं, कंपन्यांचं मित्सुबिशीने. मॅक्रे तिसरा आला आणि पुढच्या वर्षी फोर्डकडे गेला, म्हणून २००० साली आलेल्या दुसऱ्या भागाच्या खोक्यावर फोर्ड फोकस आहे. म्हणजे जगभरच्या पोरांनी जी गाडी डोक्यावर घेतली ती हरलेल्या मोसमाची होती.

आता चार दारांची. तिचा काळ ‘ग्रुप ए’चा. कंपनीने रस्त्यावर हजारोंच्या संख्येने विकलेली गाडीच रॅलीला उतरवायची, आणि फेरफार ठरावीक मर्यादेत, असा तो नियम होता. सुबारूने रॅलीचं काम इंग्लंडमधल्या बॅनबरीच्या प्रोड्राइव्हकडे सोपवलं होतं. प्रोड्राइव्हचे प्रमुख डेव्हिड रिचर्ड्स. आधी सुबारूची लेगसी ही गाडी धावायची. ती मजबूत होती, पण लांब. अरुंद जंगलवाटांवर लांब गाडी वळवायला जागाच मिळत नाही. इम्प्रेझा तयार झाली, तरी लेगसीने एखादी जागतिक रॅली जिंकल्याशिवाय ती उतरवायची नाही असं ठरलेलं होतं. १९९३ मध्ये न्यूझीलंडला मॅक्रेने लेगसीत ती रॅली जिंकली; जागतिक मालिकेतला सुबारूचा तो पहिलाच विजय. लगेच पुढच्या फिनलंडच्या रॅलीत इम्प्रेझा उतरली आणि आरी वातानेनने तिला दुसरं आणलं. पहिला विजय १९९४ साली ग्रीसमध्ये कार्लोस साइंझने मिळवून दिला.

अंगावरचे ते मोठे पिवळे ५५५ आकडे म्हणजे सिगारेटची जाहिरात. आपल्याकडे परदेशातून येणारा पाहुणा ज्या ‘ट्रिपल फाइव्ह’चं पाकीट आणायचा, तीच. मॅक्रेच्या गाडीची नंबरप्लेट होती एल ५५५ बीएटी. यातलं बीएटी म्हणजे ब्रिटिश अमेरिकन टोबॅको. प्लेटवरसुद्धा जाहिरात! तंबाखूचे ब्रँड गेममध्ये चालत नसल्याने पडद्यावरच्या इम्प्रेझांवर हे आकडे सहसा दिसत नाहीत. ज्यांनी गाडी फक्त पडद्यावर पाहिली, त्यांना जुने फोटो पाहताना ती अनोळखी वाटते त्याचं हे एक कारण.

गाडीचा स्वभाव समजायचा तर बॉनेटखाली बघावं लागतं. दोन लिटरचं टर्बो इंजिन, चार सिलिंडर, पण उभे नाहीत, दोन-दोन समोरासमोर आडवे. वजन खाली राहतं, ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू कमी सांगितली जाते: हे इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं आहे आणि बरंचसं पुढच्या चाकांच्याही पुढे आहे. त्यामुळे नाक जड. वळणावर नुसतं स्टिअरिंग फिरवलंत तर गाडी सरळच जाऊ बघते. तिला आधी हलवावं लागतं. डाव्या पायाने ब्रेक दाबून वजन पुढे आणायचं, मागचा भाग सैल करायचा, आणि गाडी वळणाकडे तोंड करून आडवी झाली की मग ॲक्सिलरेटर. मॅक्रे ज्या तऱ्हेने गाडी वळणाच्या कितीतरी आधीपासून आडवी टाकायचा, त्यात दिखावा कमी आणि गरज जास्त होती. (अर्थात त्याला ते आवडायचंही.)

आवाजाबद्दल सगळे विचारतात. इंजिनच्या दोन बाजूंकडून येणारे एक्झॉस्टचे पाइप सारख्या लांबीचे नसले की धूर सारख्या अंतराने बाहेर पडत नाही, आणि तो घुमणारा, तुटक आवाज येतो. आपल्याकडे हे इंजिन फार थोड्यांनी ऐकलं असेल. २००० नंतरच्या दशकात इथे शेव्हरोलेचा बिल्ला लावून विकली गेलेली फॉरेस्टर मुळात सुबारूची, तिच्यातही हेच आडव्या सिलिंडरचं इंजिन. रॅलीच्या गाडीत या घुमण्यावर फटाक्यांसारखे बार चढतात. पाय उचलल्यावर टर्बो मंदावू नये म्हणून इंधन मुद्दाम एक्झॉस्टमध्ये पेटवलं जातं, त्याचा तो आवाज.

१९९५ च्या मोसमात एक आकडा सगळ्यात महत्त्वाचा: ३४ मिलिमीटर. टर्बोकडे जाणारी सगळी हवा एवढ्याच व्यासाच्या कड्यातून गेली पाहिजे, असा नियम त्या वर्षी आला. आधी तो व्यास ३८ होता. इंजिनाचं नाक दाबल्यासारखंच. परिणाम असा की ताकद साधारण ३०० अश्वशक्तीच्या आसपास अडते, आणि वरच्या फेऱ्यांना इंजिन नुसतं ओरडतं, ढकलत नाही. जोर मधल्या फेऱ्यांत. हे कडं संघांना किती टोचत होतं ते टोयोटाने दाखवून दिलं. स्पेनमधल्या कॅटलुनियाच्या रॅलीत त्यांच्या टर्बोमध्ये अशी करामत सापडली की कड्याला वळसा घालून जास्तीची हवा आत जात होती. तपासणीच्या वेळी सगळं जागच्या जागी दिसायचं. संघाला वर्षभराची बंदी झाली.

त्याच कॅटलुनियात सुबारूच्या घरातही भांडण पेटलं. साइंझ आणि मॅक्रे दोघेही अजिंक्यपदाच्या शर्यतीत, आणि संघाने आदेश दिला की आहे त्या क्रमाने या, साइंझ पहिला. मॅक्रेने ऐकलं नाही. संघाची माणसं स्टेजवर (वेळ मोजून धावायचा रॅलीचा टप्पा) रस्त्याकडेला उभी राहून त्याला हळू हो म्हणून खुणा करत होती, तरी तो जोरातच गेला. शेवटी वेळेचा दंड ओढवून घेऊन त्याने पहिली जागा सोडली. दोघांचे गुण झाले ७०-७०. उरली एकच रॅली, इंग्लंड-वेल्सच्या जंगलातली आरएसी. तिथे मॅक्रेचं टायर फुटलं, वेळ गेला, साइंझ पुढे. मग त्याने जे केलं ते आजही नवशिक्या चालकांना दाखवलं जातं: जंगलातल्या स्टेजमागून स्टेज साइंझच्या वेळेतून सेकंद काढत गेला आणि ३६ सेकंदांनी जिंकला. गुण ९०-८५. साइंझ दुसरा, तिसरा रिचर्ड बर्न्स, तिघेही इम्प्रेझात. मॅक्रे तेव्हा २७ वर्षांचा होता, तोवरचा सगळ्यात लहान जगज्जेता आणि ब्रिटनचा पहिला.

हे सगळं सांगायचं कारण, गेम तोलताना मी याच तीन गोष्टी बघतो. नाक जड आहे हे जाणवतं का? इंजिन मधल्या फेऱ्यांत ओढतं का? आणि टायर फुटलं, वेळ गेला, तर पुढे खेळावंसं वाटतं का?

त्याच सुमारास आर्केडमध्ये आलेल्या ‘सेगा रॅली’त ही गाडी नाहीच. तिथे टोयोटा सेलिका आणि लान्शिया डेल्टा, लपवून ठेवलेली स्ट्रॅटोस. गेम म्हणून उत्तम, पण तुमच्या प्रश्नात बसत नाही. ‘ग्रान तुरिस्मो’तल्या इम्प्रेझा मुख्यतः शोरूमच्या आहेत, त्यातली १९९८ ची बावीस-बी ही दोन दारांची रुंद गाडी लोकांना पाठ असते, रॅली तिथे तोंडी लावण्यापुरती.

१९९८ चा ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ मात्र त्याच्या काळासाठी धाडसी होता. मॅक्रेने स्वतः सल्ला दिला होता आणि गेममधल्या रॅली शाळेत तोच शिकवतो. स्टेजच्या मधे सर्व्हिस, आणि तिथे दुरुस्तीला मोजका वेळ: टर्बो बघू की सस्पेन्शन, हे तुम्ही ठरवायचं. आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम एवढ्या लवकर गेममध्ये आलं याचं मला अजून कौतुक वाटतं. चालवण्यात मात्र गाडी भलतीच आज्ञाधारक. हँडब्रेक ओढला की मागचा भाग हवा तेवढाच येतो, आणि नाकातलं वजन कुठे गेलं ते कळत नाही. बटणांवर खेळायचं तर असंच करावं लागलं असतं.

आणखी एक गल्लत. या गेममध्ये पुढची वळणं आधीच सांगणारा नेव्हिगेटरचा तो आवाज निकी ग्रिस्टचा. १९९५ साली मॅक्रेच्या शेजारी डेरेक रिंगर बसत होता. ग्रिस्ट तेव्हा टोयोटात होता, युहा कांकुनेनच्या बाजूला; मॅक्रेकडे तो १९९७ पासून आला. म्हणजे ज्या आवाजाला आपण इम्प्रेझाचा आवाज समजतो, तो त्या मोसमात समोरच्या छावणीत होता!

मग २००४ चा ‘रिचर्ड बर्न्स रॅली’. आरएसीला तिसरा आलेला तोच बर्न्स. २००१ साली तो इम्प्रेझातच जगज्जेता झाला. गेम बाहेर पडेपर्यंत त्याला मेंदूचा आजार झालेला होता आणि २५ नोव्हेंबर २००५ रोजी तो गेला, जगज्जेता झाला त्या दिवसाला बरोबर चार वर्षं झाली होती. नोट्स वाचणारा आवाज त्याचा खरा नेव्हिगेटर रॉबर्ट रीड याचा. या गेममध्ये पहिल्या तासाभरात बहुतेक लोक कंटाळून उठतात, कारण गाडी तुमचं काही ऐकत नाही. ऐकणार कशी, तुम्ही तिला हलवलंच नाहीत तर? नाक जड असणं म्हणजे काय ते मला पडद्यावर पहिल्यांदा इथे जाणवलं. वळणाआधी वजन पुढे आणलंत तरच ती येते, उशीर केलात तर सरळ झाडात. इंजिन बंद पडतं, आपटलं की खरंच मोडतं.

इथे खडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरा आणि खोटा गेम यांतला फरक तिथेच कळतो. डांबरावर टायर थोडासा तिरका झाला की त्याची पकड सर्वात जास्त असते. त्यापुढे घसरलात की पकड घटते आणि वेळ जातो. मुरमावर तसं नसतं. आडवा सरकणारा टायर आपल्यापुढे सुट्या खड्यांचा ढीग जमवतो आणि त्या ढिगाला रेटत राहतो. शिवाय वरचा सैल थर खरवडून खालच्या टणक जमिनीपर्यंत पोचतो. म्हणून बऱ्यापैकी आडवी गेलेली गाडीही जोर धरून असते. आपल्याकडे नाशिकच्या बाजूच्या स्टेजवर हे डोळ्यांनी बघता येतं: पहिल्या गाड्या सैल मुरमावर तरंगतात, आणि मागून येणाऱ्यांना झाडून काढलेली वाट मिळते. जुन्या गेममध्ये खडी म्हणजे फक्त ‘कमी पकड असलेलं डांबर’. स्टिअरिंगवर दोन्हींचा हाताला एकच निरोप येतो. तुम्ही जो गेम खेळताय त्यात खडीवर गाडी मुद्दाम जास्त आडवी टाकून बघा. थोडं जास्त तिरकं झाल्यावर ती अचानक सुटून गेली तर समजा, टायर डांबराचं आहे.

२०१५ च्या ‘डर्ट रॅली’त १९९५ ची चार दारांची इम्प्रेझा आहे. त्या गेममधल्या गाड्या मला जरा हलक्या वाटतात, खड्ड्यातून गेल्यावर बाराशे किलो खाली बसल्याची जाणीव होत नाही. २०१९ च्या ‘डर्ट रॅली २.०’ने ते बऱ्यापैकी सुधारलं. मागून धावलात तर रस्ता उखडलेला मिळतो, चाकोऱ्या पडलेल्या असतात, आणि गाडी त्यांच्यात अडकते. मधल्या फेऱ्यांतली ओढ नीट आहे, पाय उचलल्यावरचे बारही. मॅक्रेच्या जगज्जेतेपदाला २५ वर्षं झाली म्हणून २०२० मध्ये याच गेमसाठी स्कॉटलंडच्या स्टेज आल्या; सोबत जुनी लेगसी आणि ती खोक्यावरची दोन दारांची इम्प्रेझासुद्धा. लेगसी, चार दारांची आणि दोन दारांची, तिन्ही एकाच स्टेजवर पाठोपाठ चालवून बघा. लेगसी वळायला किती उशीर करते, आणि १९९७ च्या नव्या नियमांनी रुंद झालेली दोन दारांची गाडी किती शांत आहे, ते सांगून समजणार नाही. डांबरावर मात्र हा गेम मला पटत नाही. तिथे गाडी बर्फावर असल्यासारखी वाटते.

२०२३ चा ‘ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी’ही कोडमास्टर्सचाच. स्टेज खूप लांब, आणि लांब स्टेज हीच खरी रॅली. डांबर सुधारलंय. खडीवर गाडी पुन्हा थोडी समजूतदार झाली आहे. नव्याने सुरू करणाऱ्याला बरं, मला कमी आवडतं.

माझा कल स्पष्टच सांगतो. १९९५ ची गाडी हवी असेल तर ‘डर्ट रॅली २.०’. गाडी चालवायला शिकायचं असेल तर ‘रिचर्ड बर्न्स रॅली’. तो इतका जुना असूनही हौशी मंडळींनी भौतिकशास्त्र, गाड्या, स्टेज नव्याने घालून पीसीवर जिवंत ठेवलाय, आणि ऑनलाइन रॅली अजून चालतात. पडद्यावर तो म्हातारा दिसतो, हातात नाही.

तिसऱ्या कसोटीवर मात्र सगळेच कमी पडतात, आणि दोष गेमपेक्षा आपल्या अंगठ्याचा आहे. टायर फुटलं की आपण रिस्टार्ट दाबतो. मॅक्रेचं ते जगज्जेतेपद नेमकं टायर फुटल्यानंतरच्या गाडी चालवण्यात आहे. सर्व्हिसला गाडी येते तेव्हा ती नवी कधीच नसते. एक शॉकप तापून मऊ झालेला असतो, कुठेतरी आर्म किंचित वाकलेला असतो, आणि चालकाला पुढच्या स्टेजपुरती ती ओळखून घ्यावी लागते.

व्हील घेतलंय म्हणता, तर ‘डर्ट रॅली २.०’साठी काही आकडे. स्टिअरिंग फिरण्याचा कोन ९०० अंशांवर ठेवू नका, ५४० च्या आसपास ठेवा, नाहीतर उलटं स्टिअरिंग द्यायला हात पुरणार नाहीत. गिअर लाल रेषेपर्यंत ताणू नका. ५,५०० ते ६,००० फेऱ्यांच्या दरम्यान वरचा टाका, ते ३४ मिलिमीटरचं कडं लक्षात ठेवा. खडीवर उंची वाढवा आणि स्प्रिंग मऊ करा. लोक उलट करतात, कारण कडक गाडी चपळ वाटते. पण हवेतलं चाक ओढतही नाही आणि वळवतही नाही. पुढच्या डिफरन्शियलचं (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) ब्रेकखालचं लॉकिंग कमी करा, म्हणजे नाक आत येईल, आणि ब्रेकचा भार थोडा मागे सरकवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीच स्टेज पुन्हा चालवा.

मग स्कॉटलंडमधली एखादी लांब रॅली पावसात लावा. डाव्या पायाने ब्रेक मारायची सवय लागेपर्यंत वेळेकडे बघू नका. आणि टायर फुटलं तर तसंच चालवत सर्व्हिसपर्यंत या.